बर्फ, पुडिंग आणि दिवाणखान्यातलं प्रेत

डिसेंबर लागला की मला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे पायावर घ्यायला शाल, आणि दुसरी म्हणजे इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात, ख्रिसमसच्या आदल्या रात्री, बर्फाने रस्ते बंद झालेले असताना पडलेला एक खून. घरातल्या मंडळींना हे वेड चांगलंच ठाऊक आहे. "सणासुदीला मुडदे कसले वाचत बसतेस?" हा टोमणाही दरवर्षीचाच. या वर्षी म्हटलं, टोमणा सोडून देऊ, पण त्यातला प्रश्न खरा आहे. ज्या देशात आपण राहिलो नाही, जो सण आपल्या घरात होत नाही, त्या सणाच्या दिवशी झालेल्या खुनाची गोष्ट वाचताना इतकं बरं का वाटतं?

साचा तर सगळ्यांना पाठ आहे. एक गाव, त्यात एक चर्च, एक पाद्रीबुवा, एक डॉक्टर, एक निवृत्त कर्नल, दोन-चार चौकस म्हाताऱ्या आणि टेकडीवर एक मोठं घर. त्या घरात सणासाठी जमलेलं, एकमेकांचं तोंड न बघणारं कुटुंब. बाहेर बर्फ, आत शेकोटी. मग किंकाळी. मग कुणीतरी, बहुतेक वेळा पोलीस नसलेलंच, हळूहळू एकेकाचं खोटं उलगडतं. या प्रकाराला इंग्रजीत 'कोझी' म्हणतात, म्हणजे ऊबदार. खुनाच्या गोष्टीला ऊबदार म्हणावं हीच मोठी गंमत आहे. पण या पुस्तकांचा इतिहास बघितला तर ती ऊब कुठून आली हे थोडंफार कळतं.

आधी ख्रिसमसचं पाहू. आपण चित्रात बघतो तो इंग्लिश ख्रिसमस फार जुना नाही. त्याचा बराचसा थाट व्हिक्टोरिया राणीच्या काळात जमला. पहिलं छापील ख्रिसमस कार्ड १८४३ सालचं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरोल' आलं. सजवलेल्या झाडाभोवती उभ्या असलेल्या राजघराण्याचं चित्र 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये आलं १८४८ साली, आणि मग घरोघरी झाडं आली. बर्फाचंही तसंच. इंग्लंडच्या दक्षिण भागात ख्रिसमसला बर्फ पडणं हे आजही दुर्मीळच. पण डिकन्सचं बालपण कडाक्याच्या थंडीच्या दशकात गेलं. १८१४ साली तर थेम्स इतकी गोठली होती की तिच्यावर जत्रा भरली (तशी ती शेवटचीच). त्या आठवणीतला बर्फ पुस्तकांत उतरला आणि आकाशातून पडायचा थांबला तरी पुस्तकांत पडतच राहिला.

आणि 'कॅरोल' ही मुळात भुतांची गोष्ट आहे, हे आपण विसरतो. ख्रिसमसच्या रात्री शेकोटीपाशी बसून भुताची गोष्ट सांगायची ही इंग्रजांची जुनी हौस. एम. आर. जेम्स हे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ख्रिसमसच्या सुमारास मित्रांना आपल्या भुताच्या कथा वाचून दाखवत. मासिकांनी ही हौस ओळखली आणि ख्रिसमसचे जाडजूड विशेषांक निघू लागले. शेरलॉक होम्स पहिल्यांदा छापून आला तोही अशाच एका अंकात, १८८७ सालच्या 'बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल'मध्ये! इथे आपला एक धागा जुळतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तो या इंग्रजी ख्रिसमस अंकांवरून सुचून, असं सांगितलं जातं. म्हणजे फराळाचं ताट पुढ्यात घेऊन 'धनंजय' किंवा 'नवल'मधली रहस्यकथा वाचणारे आपण सगळे या वेडाचे दूरचे नातेवाईकच की! सणाला गोडाबरोबर थोडं भय लागतं, हे दोन्हीकडच्यांना कळलेलं होतं.

पण होम्सची ख्रिसमसकथा (१८९२ सालची, हंसाच्या पोटातल्या निळ्या रत्नाची) घडते लंडनमध्ये, आणि तीत खून होत नाही. उलट सणाचे दिवस म्हणून होम्स चोराला सोडून देतो. मग लंडनच्या धुक्यातून ही गोष्ट खेड्यात कधी गेली? आणि चोरीचा खून कधी झाला?

गेली ती मुख्यतः पहिल्या महायुद्धानंतर. माझ्या मते सगळं मर्म इथे आहे.

१९१४ ते १९१८ या काळात ब्रिटनची सात लाखांहून अधिक माणसं मेली. आर्थर मी नावाच्या लेखकाने १९३०च्या दशकात इंग्लंडच्या गावांवर पुस्तकं लिहिली. ज्या गावांतून युद्धावर गेलेला प्रत्येक माणूस जिवंत परत आला अशा गावांना त्याने 'थँकफुल व्हिलेजेस' म्हटलं, म्हणजे देवाचे आभार मानावेत अशी गावं. पुढे बऱ्याच लोकांनी शोध घेऊनही इंग्लंड आणि वेल्समधल्या हजारो गावांत अशी गावं सापडली ती पन्नास-पंचावन्नच्या आसपास. बाकी प्रत्येक गावात चर्चपाशी किंवा चौकात एक दगडी क्रूस उभा राहिला आणि त्याच्यावर नावं कोरली गेली. एकाच आडनावाची दोन-दोन, तीन-तीन नावं.

आणखी एक गोष्ट. ब्रिटिश सरकारने मृतदेह घरी आणायला परवानगी दिली नाही. जो जिथे पडला त्याला तिथेच पुरलं. ज्यांचं काहीच सापडलं नाही त्यांची फक्त नावं लिहिली. फ्रान्समधल्या तीप्वाल इथे १९३२ साली उभारलेल्या एकाच स्मारकावर ७२,०००हून अधिक बेपत्ता सैनिकांची नावं आहेत. म्हणजे इंग्लंडमधल्या खेड्यात नाव होतं, पण प्रेत नव्हतं. कसा मेला, कुणाच्या चुकीमुळे मेला, शेवटी काय म्हणाला, यातलं काही कळलेलं नव्हतं. वरिष्ठांकडून आलेल्या पत्रात बहुधा एकच मजकूर असायचा, की वेदना झाल्या नाहीत.

आता त्याच वर्षांतल्या या कादंबऱ्या बघा. पहिल्या दोन-तीन प्रकरणांत काय सापडतं? प्रेत! दिवाणखान्यात, गालिच्यावर, पुस्तकांच्या खोलीत. आणि ते सापडल्याबरोबर सगळं थांबतं. जेवण थांबतं, गाड्या थांबतात, कुणालाही घर सोडून जाता येत नाही. एका माणसाच्या मरणाचा हिशोब लागेपर्यंत कुणाची सुटका नाही. मेलेला माणूस बहुतेक वेळा नीच, कंजूष, सगळ्यांना छळणारा असतो. तरीसुद्धा त्याच्या मरणाची चौकशी होतेच. किती वाजता मेला, कोण कुठे होतं, दार आतून बंद होतं का... शंभर प्रश्न. लाखांनी मेलेल्यांच्या वाट्याला एकही प्रश्न आला नाही, त्या समाजाला ही गोष्ट का हवीहवीशी वाटली असेल हे सांगायला फार विद्वत्ता नको. ॲलिसन लाइट या अभ्यासक बाईंनी १९९१च्या आपल्या पुस्तकात या काळातल्या रहस्यकथांना दुखण्यातून उठणाऱ्या माणसाचं साहित्य म्हटलं आहे. आजारी माणसाला जसा मऊ भात, तशा या गोष्टी. मला हे फार पटतं.

लिहिणाऱ्यांनाही युद्ध चांगलंच माहीत होतं. अगाथा ख्रिस्ती युद्धात टॉर्कीच्या इस्पितळात आधी नर्स होती, मग औषधं बनवायच्या विभागात. तिथेच तिने विषांचा अभ्यास केला. त्याच गावात आलेल्या बेल्जियन निर्वासितांवरून तिला पॉयरो सुचला. डोरोथी सेयर्सचा लॉर्ड पीटर विम्झी वरवर चेष्टेखोर, पण खंदकातल्या आठवणींनी रात्री दचकून उठणारा. आणि त्या चौकस म्हाताऱ्या? १९२१च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांपेक्षा बायका सुमारे १७ लाखांनी जास्त निघाल्या. वर्तमानपत्रं त्यांना 'जास्तीच्या बायका' म्हणू लागली. अशा वेळी, १९२७ सालच्या डिसेंबरच्या एका मासिकात, मिस मार्पल नावाची अविवाहित म्हातारी विणकाम करत पहिल्यांदा बोलली, आणि खोलीतल्या सगळ्या शहाण्या पुरुषांना जे सुचलं नाही ते तिला सुचलं. त्याच वर्षी सेयर्सने मिस क्लिम्पसन आणली. विम्झी तिला चक्क पगार देऊन तपासाला पाठवतो, कारण एकट्या प्रौढ बाईने चार चौकशा केल्या तर कुणाला संशय येत नाही. समाजाने अडगळीत टाकलेल्या बायका या गोष्टींत सगळ्यात आधी खरं ओळखतात. मला त्या आवडतात त्याचं हे एक मोठं कारण.

मग यात ख्रिसमसच का? सोपं आहे. इतर दिवशी माणसं एकमेकांना टाळू शकतात, सणाला टाळता येत नाही. 'हर्क्यूल पॉयरोज ख्रिसमस' (१९३८) मध्ये म्हातारा सिमियन ली सगळ्या मुला-सुनांना ख्रिसमससाठी बोलावतो, एकेकाचा अपमान करतो, आणि सगळ्यांच्या देखत वकिलाला फोन करून मृत्युपत्र बदलायची भाषा करतो. (गणपतीला कोकणातल्या घरी जमलेले चार भाऊ आणि माजघरात निघालेला वाटणीचा विषय ज्यांनी अनुभवला असेल त्यांना यापुढे काय होणार हे सांगायला नको :-) ) पॉयरोचं म्हणणं असं, की सणाला माणसं नेटाने गोड वागतात आणि त्या नेटाचाच ताण येतो. या पुस्तकाची अर्पणपत्रिकाही मजेदार आहे. ख्रिस्तीच्या बहिणीच्या नवऱ्याने तक्रार केली होती की तुझे खून हल्ली फार सोवळे व्हायला लागलेत, रक्त कसं दिसत नाही! म्हणून हे पुस्तक खास त्याच्यासाठी. पुढे तर प्रकाशकांनी 'ख्रिसमसला ख्रिस्ती' अशी जाहिरातच सुरू केली. मराठीत ती आणखीच गमतीची वाटते.

आणि बर्फ? बर्फ हा कथेचा कारकून आहे. तो पोलिसांना उशिरा आणतो, संशयितांना आत ठेवतो आणि पावलांचे ठसे जपून ठेवतो. फार्जनच्या 'मिस्ट्री इन व्हाइट'मध्ये (१९३७) ख्रिसमसच्या आदल्या दिवशी गाडी बर्फात अडकते, काही प्रवासी उतरून चालत निघतात आणि एका घरात शिरतात. शेकोटी पेटलेली, चहा मांडलेला, आणि घरात कुणी नाही! सेयर्सच्या 'द नाइन टेलर्स'ची (१९३४) सुरुवातही बर्फातच. वर्षाच्या शेवटच्या रात्री विम्झीची गाडी खड्ड्यात जाते, गावात फ्लूची साथ असते, आणि आजारी माणसाच्या जागी विम्झी रात्रभर चर्चची घंटा वाजवतो. सगळं गाव कसं एका घंटेत बांधलेलं असतं ते तिथे वाचावं. ऑडेन हा कवी या गोष्टींचा व्यसनी होता. १९४८च्या एका निबंधात त्याने म्हटलंय त्याचा आशय असा, की गाव जितकं स्वर्गासारखं तितकं त्यातलं प्रेत विसंगत, आणि शेवटी गुन्हेगार सापडला की बाकी सगळे पुन्हा निर्दोष होतात.

हे सगळं वाचायच्या आधी मला ते आत्याने एका वाक्यात सांगितलं होतं. आमचे धाकटे काका १९७४ साली मुलाखतीला म्हणून मुंबईला गेले ते परत आलेच नाहीत. घरातल्यांना हे माहीतच आहे, इतरांसाठी लिहिते. पोलिसांत तक्रार झाली, फोटो छापून आला, ज्या ऑफिसात मुलाखत होती तिथून 'असा कुणी इसम आला नव्हता' एवढंच उत्तर आलं. पुढे काही नाही. आत्या शाळेत इंग्रजी शिकवायची. त्यानंतरची कित्येक वर्षं ती वाचनालयातून एकामागून एक अगाथा ख्रिस्ती आणायची, एकेक तीन-तीनदा. मी कॉलेजात, अंगात समीक्षक शिरलेला. तिला म्हटलं, "आत्या, खुनी कोण हे तुला माहीत आहे, मग पुन्हा कशाला वाचतेस?" ती म्हणाली, "अगं, म्हणूनच. इथे शेवटी कळतं तरी."

मला वाटतं, क्रूसावर नाव कोरलेल्या त्या इंग्लिश आयांना विचारलं असतं तर त्यांनीही याहून वेगळं सांगितलं नसतं.

पण एवढं गोड बोलून थांबले तर ते अर्धंच होईल. या गावात सगळ्यांना जागा नव्हती. १९२७ साली ब्रिटिश साम्राज्याच्या मालाची जाहिरात म्हणून राजाच्या खानसाम्याची एक ख्रिसमस पुडिंगची पाककृती प्रसिद्ध झाली. तीत मनुका ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या, दालचिनी सिलोनची, लवंग झांझिबारची, रम जमैकाची आणि मसाला हिंदुस्थानचा. म्हणजे खेड्यातल्या त्या अगदी 'इंग्लिश' पुडिंगमध्ये इंग्लंडबाहेरचंच बरंच काही होतं! सिमियन लीची श्रीमंती दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांची. 'द सिटाफोर्ड मिस्ट्री'तल्या (१९३१) बर्फात बुडालेल्या खेड्यात एक निवृत्त कॅप्टन राहतो आणि त्याच्यासोबत त्याचा हिंदुस्थानी नोकर अब्दुल. अब्दुल दार उघडतो, बंद करतो. त्याला काय दिसलं, हा प्रश्न कुणी मनापासून विचारत नाही. १९६०च्या 'ख्रिसमस पुडिंग'च्या गोष्टीत हरवलेलं माणिक पूर्वेकडच्या एका राजपुत्राचं, पण गोष्ट सगळी किंग्ज लेसी नावाच्या इंग्लिश घरातल्या पाहुण्यांची. (पॉयरो तिथे जायला तयार होतो ते घर गरम ठेवायची आधुनिक सोय आहे हे कळल्यावरच. या बाबतीत मी पूर्णपणे त्याच्या बाजूची.)

अगदी अलीकडेही हे संपलेलं नव्हतं. १९९७ साली सुरू झालेल्या 'मिडसमर मर्डर्स' या मालिकेच्या निर्मात्याने २०११ साली एका मुलाखतीत सांगितलं, की आमच्या गावात इतर वंशाचे लोक नसतात आणि तेच तिचं इंग्लिशपण आहे. बराच गदारोळ झाला आणि त्याला निलंबित केलं गेलं. खून चालतात, शेजारी चालत नाहीत, असा त्याचा अर्थ!

या प्रकाराला आतूनच उत्तर देणारं एक पुस्तक मात्र माझं फार लाडकं आहे. सिरिल हेअरचं 'ॲन इंग्लिश मर्डर' (१९५१). जुन्या सरदार घराण्याची पडकी हवेली, ख्रिसमस, बर्फ, सगळं तेच. पण सत्य उलगडतं ते हवेलीत कागदपत्रं चाळायला आलेल्या डॉक्टर बॉटविंक या निर्वासित ज्यू इतिहासकाराला. तो छळछावणीतून वाचलेला आहे. घरातले त्याला उपराच समजतात. पण त्या घराचा आणि त्या देशाचा इतिहास त्यांच्यापेक्षा त्यालाच जास्त माहीत असतो, आणि तेच कामी येतं. अधिक सांगत नाही, वाचाच. ते लिहिलं गेलं तेव्हा या हवेल्या खरोखरच पडत होत्या. कर आणि नोकरांची टंचाई यांनी मालक टेकीला आले होते. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने नष्ट झालेल्या अशा घरांचं प्रदर्शन भरवलं तेव्हा यादी हजाराच्या वर गेली होती. ब्रिटिश लायब्ररीने 'मिस्ट्री इन व्हाइट' २०१४ साली पुन्हा छापलं आणि ते कुणाच्या ध्यानीमनी नसताना धडाधड खपलं. घरं गेली, गोष्टी राहिल्या.

मीही त्या वाचतच राहणार. फक्त आता वाचताना एक दगड डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडेही पहिल्या महायुद्धात माणसं गेलेली कितीतरी गावं आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेले ४६ जण परत आले नाहीत. इंग्रज सरकारने आपल्या गावोगावी छोट्या संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले, एवढाच मजकूर. इंग्लंडच्या खेड्यात नावं, आपल्या खेड्यात आकडे. तिकडच्या आईला निदान बोट फिरवायला मुलाच्या नावाची अक्षरं होती.

या पुस्तकांची ऊब पुडिंगची नाही आणि शेकोटीचीही नाही. एक माणूस मेला तर त्याचं नाव घेऊन, वेळ विचारून, सगळ्यांना थांबवून चौकशी झाली पाहिजे, ही ती ऊब आहे. लिहिणाऱ्यांनी ती आपल्या गावापुरती ठेवली. आपण वाचताना तेवढीच ठेवायला हवी असं कुठे आहे?